लर्चरचे पिल्लू: आधी आईबाप पाहावेत, मग वर्षभर थांबावे

लर्चर ही नोंदणीकृत जात नव्हे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी किंवा डीअरहाउंड यांसारख्या नजरेने शिकार करणाऱ्या वेगवान कुत्र्याचा कॉली किंवा टेरियरसारख्या कामकरी कुत्र्याशी संकर केला जातो, आणि त्या संकरातून येणाऱ्या कुत्र्याला लर्चर म्हणतात. दोन्हीकडून वेगवान रक्तच असेल, म्हणजे उदाहरणार्थ सलुकी आणि ग्रेहाउंड, तर तिथले जाणकार त्याला लर्चर न म्हणता लाँगडॉग म्हणतात. ग्रेहाउंडकडून पाय यावेत आणि कॉलीकडून किंवा टेरियरकडून डोके, चिकाटी आणि काटक अंग यावे, अशी या संकरामागची अपेक्षा असते. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा तिथला केनेल क्लब लर्चरला जात म्हणून मान्यता देत नाही, त्यामुळे या कुत्र्याच्या वंशाचा खात्रीचा कागद सहसा मिळत नाही. म्हणूनच ‘चांगल्या पैदाशीचे पिल्लू’ या शब्दांना येथे एकच अर्थ उरतो: जे काम आपल्याला हवे आहे तेच काम पिल्लाच्या आईबापांनी, आणि शक्य असल्यास आजी-आजोबांनी, अनेक हंगाम नीट केलेले असावे.

पुढचे सारे सांगण्याआधी कायद्याविषयी बोलणे आवश्यक आहे, कारण कुत्रा कोणत्या कामासाठी वाढवायचा हे त्यावरच ठरते. इंग्लंड आणि वेल्समध्ये हंटिंग ॲक्ट 2004 हा कायदा 18 फेब्रुवारी 2005 पासून लागू आहे आणि त्याने रानटी सस्तन प्राण्यांची कुत्र्यांकरवी शिकार करण्यास बंदी केली आहे. उंदीर (रॅट) आणि ससे यांना त्यातून सूट आहे, परंतु जमीन आपली असेल किंवा तिच्या मालकाने वा ताबेदाराने परवानगी दिली असेल तरच. मराठीत आपण रॅबिट आणि हेअर या दोघांनाही ससाच म्हणतो, पण हा फरक तिथे जीवघेणा महत्त्वाचा आहे. बिळात राहणाऱ्या रॅबिटला सूट आहे, तर उघड्यावर राहणाऱ्या, लांब कानांच्या हेअरमागे कुत्रा सोडणे हा गुन्हा आहे. 2022 च्या एका कायद्याने तर हेअरचा पाठलाग करण्याच्या हेतूने परक्या जमिनीत शिरण्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली असून न्यायालय अशा माणसाला कुत्रे पाळण्यास मनाई करू शकते. स्कॉटलंडचा 2023 चा कायदा वेगळा आणि अधिक कडक आहे, तो स्वतंत्रपणे वाचावा. या लेखात यापुढे ससा म्हणजे फक्त रॅबिट.

सशांचे काम मात्र आजही आहे. पेस्ट्स ॲक्ट 1954 नुसार आपल्या जमिनीवरील सशांना आवर घालण्याची जबाबदारी जमिनीच्या ताबेदारावर येते, आणि पिकाची कड खाल्ली गेलेला शेतकरी शांत, शिस्तीच्या कुत्र्याच्या मालकाला सहसा नाही म्हणत नाही. परंतु 1953 मध्ये ब्रिटनमध्ये आलेला मिक्सोमॅटोसिस हा सशांचा जीवघेणा रोग आणि नंतरचा रक्तस्रावी रोग यांमुळे कित्येक भागांत ससे फार विरळ झाले आहेत. म्हणून माझा आग्रह असा आहे की आधी जमीन पाहावी, परवानगी शक्यतो लेखी घ्यावी, तेथे खरोखर किती ससे आहेत हे दोन-तीन वेळा संध्याकाळी जाऊन मोजावे, आणि मगच पिल्लाचा विचार करावा. ज्याला काम देता येत नाही असा शिकारी कुत्रा सांभाळणे कुत्र्यालाही जड जाते आणि माणसालाही. तिथल्या निवारागृहांत नेहमी लर्चर दिसतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

कोणता संकर घ्यावा हे जमिनीवर आणि कामाच्या पद्धतीवर ठरते. रात्री प्रखर दिव्याच्या झोतात ससा शोधून त्यावर कुत्रा सोडण्याला लॅम्पिंग म्हणतात, आणि त्या कामाला साधारण 22 ते 25 इंच उंचीचा कॉली-ग्रेहाउंड उत्तम. लहान शेते, दाट कुंपणे आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लहान पाळीव प्राणी) सोडून बिळातले ससे बाहेर काढण्याचे काम असेल, तर 18 ते 21 इंचांचा बेडलिंग्टन-व्हिपेट, म्हणजे बेडलिंग्टन टेरियर आणि व्हिपेट यांचा संकर, अधिक उपयोगी पडतो, कारण तो चार ढांगांत पूर्ण वेग घेतो आणि जागच्या जागी वळतो. ससा लांब पळत नाही. त्याला जवळचे बीळ गाठायचे असते आणि वाटेत तो अंग चोरून दिशा बदलतो, म्हणून येथे कमाल वेगापेक्षा सुरुवातीची उसळी आणि वळण यांचे मोल जास्त आहे. सलुकीचे रक्त दम आणि मजबूत पाय देते, पण त्याबरोबर स्वतंत्र वृत्ती आणि उशिरा येणारी समजही देते. पहिलाच लर्चर पाळणाऱ्याने नुसत्या सशांसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट पिल्लू घेणारे बहुधा विचारात घेत नाहीत. शुद्ध ग्रेहाउंड आणि शुद्ध कॉली यांच्या पहिल्या संकरातील पिल्ले एकमेकांसारखी निघतात, कारण प्रत्येकाला दोन्ही जातींचा निम्मा वारसा मिळालेला असतो. तेच लर्चरला लर्चर लावला की वारशाची फेरमांडणी होते, आणि एकाच वेतात एक पिल्लू जवळजवळ ग्रेहाउंडसारखे, तर दुसरे जाडजूड कॉलीसारखे होऊ शकते. अशा वेतातही अप्रतिम कुत्रे निघतात, मात्र तेथे आईबाप आणि त्यांच्या आधीच्या वेतांतील मोठी झालेली पिल्ले पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

आता आईबापांकडे वळू, कारण निवडीचे बहुतेक काम येथेच संपते. इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 पासून सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकण्यास बंदी आहे. पिल्लू ब्रीडरकडूनच, म्हणजे पैदास करणाऱ्याकडूनच, ते जिथे जन्मले तिथे, आईसोबत पाहूनच घ्यायचे असते. ‘आई आज नेमकी बाहेर आहे’ असे कोणी सांगितले की तेथून निघावे. आई समोर आली की ती अंगावर येते की दडते हे पाहावे, मग तिचे पंजे हातात घेऊन बघावेत. बोटे जुळलेली आणि कमानदार असावीत. सपाट, फाकलेली बोटे कठीण जमिनीवर लवकर दुखावतात, आणि हा दोष पिल्लांत उतरतो. मनगटावर किंवा बोटांवर जुन्या दुखापतीची सूज असेल तर ती कशाने आली हे विचारावे. अपघात वेगळा आणि कच्ची हाडे वेगळी.

नंतर तिचे काम पाहण्याची विनंती करावी. मोठ्या आकड्यांच्या बढायांना काही अर्थ नाही; एका रात्रीत किती ससे धरले यापेक्षा ती सुटलेल्या सशामागून बोलावल्यावर परत येते का, धरलेला ससा न चिरडता जिवंत हातात आणून देते का, आणि धावताना तोंड बंद ठेवते का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. पाठलागात भुंकणारी मादी रात्रीच्या कामाला निरुपयोगी असते, कारण एका भुंकण्याने सगळे शेत रिकामे होते. माझ्याकडे सध्या असलेल्या कुत्रीची आई मी अशीच पाहिली होती. पावसाने भिजलेल्या गवतातून तिने ससा आणला, मालकासमोर बसली, आणि त्याने हात पुढे करेपर्यंत ससा तोंडात इतका सैल धरून ठेवला होता की त्याचे कान हलताना दिसत होते. त्याच क्षणी मी तिच्या पिल्लाची मागणी केली, तेव्हा ती गाभणही नव्हती, आणि पुढे अकरा महिने थांबलो. बाप बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी घरी असतो. प्रवास करावा लागला तरी त्यालाही पाहावे.

तब्येतीची चौकशी संकरानुसार बदलते. काही कॉलींमध्ये एमडीआर-1 या जनुकात दोष असतो. अशा कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन या जंतनाशकासारखी काही औषधे मोठ्या मात्रेत गेल्यास मेंदूवर घातक परिणाम होतो, आणि घोड्याला जंताचे औषध दिल्यावर त्याचे शेण खाणे हा तो धोका ओढवून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. बेडलिंग्टनमध्ये यकृतात तांबे साठण्याचा आनुवंशिक आजार आहे. या दोन्हींची जनुकीय चाचणी होते, आणि आईबापांचे निकाल दाखवणाऱ्या ब्रीडरचे पिल्लू दोन महिने उशिरा मिळाले तरी ते घ्यावे. ग्रेहाउंडचा वाटा मोठा असेल तर आपल्या पशुवैद्याला ते पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे. ग्रेहाउंड थायोपेंटलसारखी भुलीची औषधे शरीराबाहेर टाकायला जास्त वेळ घेतात, आणि त्यांच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण मुळातच जास्त आणि प्लेटलेटचे कमी असते. हे ठाऊक नसेल तर निरोगी कुत्राही आजारी ठरवला जातो.

एवढे जमून आल्यावर वेतातले नेमके कोणते पिल्लू घ्यावे हा प्रश्न लोक समजतात तितका मोठा राहत नाही. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लात वेग दिसत नाही, आणि तो दिसतो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दोनदा जावे, एकदा ती जेवून झोपेला आलेली असताना आणि एकदा भुकेली असताना. पाय सरळ, चावा वरचे दात खालच्या दातांना पुढून किंचित झाकणारा, डोळे आणि कान स्वच्छ, बेंबीजवळ गाठ नाही, एवढे तपासावे. मग जमिनीवर बसून काही न करता पाहत राहावे. भावंडांना सतत दाबणारे पिल्लू आणि कोपऱ्यात बसून राहणारे पिल्लू ही दोन्ही सोडून द्यावीत. किल्ल्यांचा जुडगा थोड्या अंतरावर टाकला असता जे पिल्लू दचकते पण लगेच हुंगायला येते, आणि जे एखादी चिंधी तोंडात धरून तुमच्याकडे येते, ते माझ्या पसंतीचे. वस्तू तोंडात घेऊन फिरण्याची आवड ही पुढे शिकार हातात आणून देण्याची पहिली खूण आहे. नर की मादी हा आवडीचा भाग आहे. मादी लवकर समजूतदार होते आणि अंगाने आटोपशीर राहते, पण माजाच्या काळात काम थांबते. केसांच्या बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे: राठ, मध्यम लांबीचे केस काटेरी तारेपासून आणि हिवाळी वाऱ्यापासून जो बचाव करतात तो गुळगुळीत कातडीच्या कुत्र्याला मिळत नाही.

पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्यावर घरी आणावे. तोपर्यंत ब्रीडरने त्याला मायक्रोचिप बसवलेली असणे इंग्लंडमध्ये 2016 पासून बंधनकारक आहे. चिपची नोंद आपल्या नावावर करून घ्यायला विसरू नये. बारा आठवड्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि नंतर दोन वेळा खाऊ घालावे. वाढत्या पिल्लांसाठी तयार केलेला चांगला आहार असेल तर वरून कॅल्शियमची भुकटी देऊ नये, कारण मोठ्या चणीच्या पिल्लांत जादा कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवते. फासळ्या हाताला लागाव्यात, पण पिल्लू खंगलेले दिसू नये. लठ्ठ पिल्लू गोंडस दिसते आणि त्याचे सांधे त्याची किंमत मोजतात. लसींमध्ये लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नये, कारण हा कुत्रा उंदरांच्या मुतलेल्या ओढ्यांतून आणि गोठ्यांतून फिरणार आहे. सशाची कच्ची आतडी खाणाऱ्या कुत्र्यांना चपट्या जंतांची लागण होते, म्हणून आतडी खाऊ देऊ नयेत आणि जंताचे औषध पशुवैद्याच्या वेळापत्रकाने द्यावे. झोपायला जाड, मऊ अंथरूण लागते, कारण या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते आणि पायांची कोपरं लवकर सोलवटतात.

साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन नव्या गोष्टी सहज स्वीकारते, आणि हे आठवडे परत येत नाहीत. त्या काळात त्याला मेंढ्या, कोंबड्या, मांजर, गाड्या, लहान मुले आणि पुढे ज्या फेरेटबरोबर काम करायचे आहे तो फेरेट, हे सगळे शांतपणे आणि पट्ट्यावर दाखवावे. शेतकऱ्याच्या मेंढ्यांमागे एकदा धावलेला लर्चर कायमची परवानगी घालवतो, आणि मेंढ्यांवर जाणाऱ्या कुत्र्याला विशिष्ट परिस्थितीत शेतकरी गोळीही घालू शकतो. मेंढ्यांजवळून जाताना पिल्लाने त्यांच्याकडे पाहिले की थांबवून रागवण्यापेक्षा, त्याने नजर आपल्याकडे वळवली की लगेच कौतुक करणे अधिक टिकते.

शिक्षणात पहिले स्थान परत येण्याला. जेवणाची वाटी ठेवताना रोज तीच शिटी वाजवावी. महिनाभरात शिटी आणि आनंद यांची गाठ पडते. पिल्लू उशिरा आले तरी आल्यावर कधीही मारू नये किंवा ओरडू नये. वस्तू आणून देणे शिकवायला घरातली अरुंद बोळ उत्तम. बोळीच्या बंद टोकाकडे सशाच्या कातडीत गुंडाळलेला हलका गोळा टाकावा आणि आपण दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसावे. पिल्लाला आपल्याखेरीज जायला वाट नसते. ते आले की गोळा हिसकावू नये. आधी मान आणि छाती कुरवाळावी, त्याला तो अभिमानाने धरून ठेवू द्यावा, आणि मग हनुवटीखाली हात धरून घ्यावा. दिवसाला तीन फेऱ्या पुरेत. लर्चरला चौथ्या फेरीत तेच तेच करण्याचा कंटाळा येतो आणि तो कंटाळा पुढे सवय होतो. चार ते सहा महिन्यांत दात बदलतात. हिरड्या दुखत असताना हा सराव थांबवावा, आणि दोरी ओढाओढीचा खेळ तर कधीच खेळू नये, कारण त्यातून घट्ट चावून धरण्याची खोड लागते. उडी शिकवताना दारात पायरीएवढी फळी आडवी लावून ‘वर’ या शब्दावर ती ओलांडायला लावावे. खऱ्या उंचीच्या उड्या वर्ष उलटल्यावर.

आणि येथे सर्वांत अवघड भाग येतो, तो म्हणजे थांबणे. लर्चर सात-आठ महिन्यांत उंचीने जवळजवळ पूर्ण दिसतो, पण हाडांच्या टोकांवरील वाढीचा कूर्चा अजून बंद झालेला नसतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मन कोवळे असते. माझा पहिला लर्चर आठ महिन्यांचा असताना मी त्याला मित्राच्या अनुभवी कुत्र्यासोबत रात्री सोडले. ससा प्रत्येक वेळी मोठ्या कुत्र्याने धरला. माझे पिल्लू मागे राहिले, वैतागले आणि तिसऱ्या धावेला भुंकू लागले. ती भुंकण्याची सवय मला नंतर दोन हंगाम प्रयत्न करूनही मोडता आली नाही. त्या कुत्र्यात खोट नव्हती. मी त्याला त्याच्या वेळेआधी हरायला लावले होते.

लहान चणीच्या मादीला वर्षाच्या सुमारास आणि मोठ्या नराला चौदा-पंधरा महिन्यांनंतर कामाला लावावे. तोपर्यंत मोकळे चालणे, स्वतःच्या मर्जीने धावणे आणि पट्ट्यावर बसून फेरेटचे काम पाहणे एवढे पुरे. बिळापाशी जाळ्या लागत असताना शांत बसायला शिकलेले पिल्लू काही आठवड्यांत आपणहून कान टवकारून बिळात ससा आहे की नाही हे सांगू लागते, आणि ही खूण ओळखता आली की फेरेट रिकाम्या बिळात सोडण्याचा त्रास वाचतो.

पहिल्या रात्री आकाश ढगाळ असावे, चंद्र नसावा आणि वारा आपल्या तोंडावर येत असावा. कुत्रा एकटाच न्यावा. शेत आदल्या दिवशी उजेडात चालून तार, खड्डे आणि लोखंडी अवजारे कोठे आहेत ते पाहून ठेवावे, कारण वेगात तारेवर आपटलेला कुत्रा बहुधा पुन्हा पूर्ण कामाचा राहत नाही. बिळाजवळ सावध बसलेला ससा सोडून द्यावा आणि कुंपणापासून दूर, जमिनीला चिकटून बसलेला ससा शोधावा. पट्टा हातात धरून त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे, कुत्र्याने ससा खरोखर पाहिला आहे याची खात्री करावी आणि मगच सोडावे. दिव्याचा झोत सशावर आणि कुत्र्याच्या पुढे ठेवावा, त्याच्या डोळ्यांत कधीही मारू नये. ससा धरला की दिवा आपल्या पायांशी खाली आणावा, बसावे आणि बोळीत बसत होतो तसेच हात पुढे करून वाट पाहावी. हातात आलेला ससा विलंब न लावता मान मोडून संपवावा. दोन धावा झाल्या की, कुत्र्याला कितीही उत्साह असला तरी, घरी यावे. कोमट पाण्याने चारही पंजे धुऊन बोटांमधल्या जागा आणि नखांची मुळे दिव्याखाली एकेक करून तपासावीत, अंगावरून हात फिरवून काट्याचा ओरखडा शोधावा, आणि धाप पूर्ण बसल्यावरच जेवण द्यावे.